लाजेमुळे डॉक्टरकडे जाता येत नाही, पुस्तक वाचून कामतृप्तीची अडचण सुटेल का? (अमळनेर)

हो ताई, लग्नाला आठ वर्षं होऊनही तृप्ती मिळत नाही ही तुमची अडचण चांगल्या पुस्तकाने बरीच सुटू शकते, पण त्यातले सराव केले तरच. मी धुळ्यात समुपदेशन करते, आणि बऱ्याच बायकांना आपल्या शरीरात शिश्निका (क्लिटोरिस, योनीमुखाच्या वरचा नाजूक, संवेदनशील भाग) नावाचा अवयव आहे हेच कुणी सांगितलेलं नसतं. बहुतेकींना तृप्ती तिथल्या स्पर्शातूनच मिळते, नुसत्या संभोगातून नाही. एवढं एक पान नीट वाचलं तरी ‘माझ्यातच खोट आहे’ हे ओझं उतरतं. १९९८ मध्ये अशा वाचन-उपचारांचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा फायदा स्पष्ट दिसला, तरी पुढे तो ओसरत गेला. म्हणून मध्येमध्ये कुणाशी तरी बोलणं हवं, पंधरा दिवसांतून एक फोनही चालेल. एकत्र कुटुंबात निवांतपणा मिळणं अवघड, हे मला माहीत आहे. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घाला, दुपारी दाराला कडी लावून अर्धा तास स्वतःला द्या, आणि एखादं प्रकरण नवऱ्यालाही वाचायला द्या. मात्र संबंधाच्या वेळी दुखत असेल, रक्त जात असेल, कोरडेपणा असेल किंवा नैराश्याची गोळी सुरू झाल्यावर हे सुरू झालं असेल, तर आधी तपासणी करा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. स्त्रीरोग विभागात ‘बाई डॉक्टरांशीच बोलायचंय’ असं बिनधास्त सांगा.