पठार तापलं, तर पाऊस वाढेल?

प्रश्न : तिबेटचं पठार तापतं म्हणून मोसमी पाऊस येतो, असं शाळेत शिकलो. आता ते जास्तच तापतंय म्हणतात. मग गोव्यात पाऊस वाढणार का? – एक वाचक, साखळी

उत्तर : पठार तापणं वेगळं आणि पठारानं हवा तापवणं वेगळं. जमिनीतून हवेत जाणारी उष्णता दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते : जमीन आणि हवा यांच्या तापमानातला फरक, आणि वाऱ्याचा वेग. फरक ५ अंश आणि वारा सेकंदाला ५ मीटर असताना चौरस मीटरमागे ८० वॅट मिळत असतील, तर वारा ४ मीटरवर येताच ६४च उरतात. १९८० नंतरची सुमारे दोन दशकं नेमकं हेच झालं : तापमान चढलं, वारा मंदावला, उष्णता घटली. पुढे ती काहीशी सावरली.

आकड्यांत एक गोम आहे. बहुतेक वेधशाळा पठाराच्या पूर्व आणि मध्य भागात, त्याही दऱ्याखोऱ्यांत. पश्चिमेकडे जवळपास शुकशुकाट. त्यामुळे सरासरी एकांगी निघते.

शिवाय २०१० मध्ये बूस आणि कुआंग या हवामान-शास्त्रज्ञांनी संगणकावरच्या हवामान-प्रारूपात पठार काढून फक्त हिमालयाची भिंत ठेवली, तरी भारतातला मोसमी पाऊस बराचसा टिकला. आणि आपल्या वाळपई-सांग्याचा पाऊस मुख्यतः अरबी समुद्रावरून येऊन सह्याद्रीला धडकणाऱ्या वाऱ्यांचा.