वडिलांना पार्किन्सन्स आहे, डॉक्टरांनी डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) हे ऑपरेशन सुचवलंय. मेंदूला करंट देऊन हा आजार बरा होतो का?

बरा होत नाही. आजार आपल्या गतीने पुढे जातच राहतो. तरीही माझ्या आईचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली आणि ते केलं याचं मला समाधान आहे.

आम्ही फोंड्याचे. आई रोज देवाला अबोलीची फाती (फुलांची माळ) करायची. पुढे पुढे पार्किन्सन्सवरची लेव्होडोपाची गोळी लागली की तासभर बोटं चालायची, मग दोरा हातात तसाच राहायचा. डोस वाढवला तर सगळं अंग आपोआप वळवळायचं. मेंदूत डोपामिन हे हालचालीला लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत गेल्या की गोळीचा असर असा टिकेनासा होतो.

डीबीएसमध्ये मेंदूत खोलवर बारीक तारा बसवतात आणि छातीत कातडीखाली पेसमेकरसारखं यंत्र ठेवतात. ते सेकंदाला साधारण १३० वेळा अगदी सौम्य विद्युत स्पंदनं सोडतं. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला डॉ. बेनाबिद यांनी १९८७ साली कंपासाठी ही पद्धत सुरू केली.

तुम्ही एकच गोष्ट नीट बघा: गोळी पूर्ण लागलेली असते तेव्हा वडील कसे असतात? यंत्र साधारण तेवढंच देतं, फक्त दिवसभर. कंप मात्र गोळीला दाद देत नसला तरी यंत्राने कमी होऊ शकतो. तोल जाणं, गिळताना ठसका लागणं, विसरणं, हे गोळीने सुधारत नसेल तर ऑपरेशननेही सुधारणार नाही. म्हणूनच आधी रात्रभर गोळ्या बंद ठेवून सकाळी तपासतात, मग डोस देऊन पुन्हा तपासतात.

धोका आहेच. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, तारेला जंतुसंसर्ग होऊ शकतो. नंतर करंट जुळवायला काही महिने जातात. आम्ही त्यासाठी मुंबईच्या किती फेऱ्या मारल्या! एकदा करंट वाढवल्यावर आईचे हात मोकळे झाले पण जीभ जड झाली, शब्द कळेनात. कमी केल्यावर बोलणं सुधारलं. बॅटरी संपली की बदलावी लागते, तो खर्च आत्ताच विचारून घ्या. आणि यंत्र बसवल्यावर फिजिओथेरपीत डायथर्मीचा (विद्युतलहरींनी आत खोलवर देतात तो) शेक कधीही घेऊ देऊ नका, तारा तापून मेंदूला इजा होते.

आता आठ दिवस एका वहीत लिहा: गोळी किती वाजता घेतली, कधी लागली, कधी उतरली. उतरलेली असताना चालतानाचा मोबाइलवर व्हिडिओही काढा. डॉक्टरांकडे जाताना दोन्ही घेऊन जा.