नोकरी तुझी, व्हिसा तिघांचा

प्रश्न : ताई नमस्कार. मी नाशिकची, वय 34. बी.ए. इंग्लिश झालंय, नंतर मॉन्टेसरीचा कोर्स केला, आठ वर्षं ज्युनिअर-सिनिअर केजीला शिकवतेय आणि पगार अजून 16 हजारांवरच अडकलाय. थायलंडमधे चोनबुरीला एका शाळेत छोट्या मुलांना इंग्लिश शिकवायची ऑफर आलीये, महिना 25 हजार बाट. एजंट म्हणतो हल्ली व्हिसाची गरजच नाही, तिघंही तसेच या, पुढचं तिथं आल्यावर करू. त्याचे 80 हजार रुपये. मिस्टर सातपूरला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीमधे आहेत, ते म्हणतात तू म्हणशील तसं. मुलगी दुसरीत आहे. सासूबाई म्हणतात पोरीचं वर्ष वाया घालवू नका. मला जायचंय खरं तर. काय करू?

उत्तर : अगं, ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगंच करते. जायचंय तर जा, मी अडवणार नाही, मी स्वतः अशीच गेले होते. पण या एजंटच्या हाताला धरून जाऊ नकोस.

व्हिसाशिवाय जाता आलं तरी ते फिरायला. शिकवायला तुला नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा लागतो, तो इथूनच घेऊन निघायचं, मग तिथं शाळा वर्क परमिट काढते, आणि त्याच्या जोडीला थायलंडच्या शिक्षक परिषदेची, म्हणजे खुरुसफाची परवानगी. आपलं बी.एड. नसलं तरी पदवीवर तात्पुरती परवानगी मिळते, फक्त ती शाळेनं मागायची असते. आमच्या पहिल्या शाळेनं मला असंच ‘आल्यावर करू’ म्हणून बोलावलं आणि पाच महिने मी टूरिस्ट म्हणून शिकवत होते, दर थोड्या दिवसांनी पहाटेच्या व्हॅनमधून कंबोडियाच्या सीमेवर जायचं, पासपोर्टवर शिक्के मारून घ्यायचे आणि संध्याकाळी परत. शाळेत कुणी इन्स्पेक्शनला आलं की मला लायब्ररीत नेऊन बसवायचे. माझं वय तेव्हा 27, अंगावर मूल नव्हतं, निभावलं. तू पोरीला घेऊन हे करायचं नाहीस.

आणि 80 हजार कशाचे गं? आपल्या सरकारकडं नोंदणी असलेल्या रिक्रूटिंग एजंटला जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर शोध, सापडलं नाही तर फोन उचलणं बंद कर. थायलंडची नोकरी सांगून नेऊन म्यानमारच्या म्यावड्डीत सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर पोरांना डांबलं, त्यातल्या साडेपाचशेच्या आसपास भारतीयांना मार्च 2025 मधे हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. तुझा एजंट तसलाच असेल असं मी म्हणत नाही, पण ‘व्हिसाचं नंतर बघू’ हे वाक्य दोन्हीकडं सारखंच असतं.

शाळा खरी आहे का हे बघायचं तर शाळेशी स्वतः व्हिडिओवर बोल, तिथं आत्ता शिकवणाऱ्या एखाद्या परदेशी टीचरचा नंबर माग (फिलिपिन्सच्या बायका खूप असतात आणि त्या अगदी मोकळेपणानं सगळं सांगतात), आणि कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं ते विचार. तिथली शाळा मेच्या मध्याला सुरू होते, मार्चमधे संपते, मधे ऑक्टोबरात सुट्टी. पुष्कळ शाळा 10 किंवा 11 महिन्यांचंच कॉन्ट्रॅक्ट देतात म्हणजे एप्रिलमधे पगार शून्य आणि घरभाडं चालू.

आता पैसे. बाटला अडीच-पावणेतीन रुपये धर, तुझे 25 हजार म्हणजे साठ-सत्तर हजार रुपये, ऐकायला छान. पण ते एकटीला छान आहेत. तिघांत मुलीच्या शाळेचा खर्च आला की संपलं. इंटरनॅशनल शाळेची फी वर्षाला काही लाख बाट असते, तो विषयच सोड. सरकारी शाळेत घेतात पण सगळं थाईमधून. मधला रस्ता एकच, तुझ्याच शाळेत इंग्लिश प्रोग्रॅम, म्हणजे इंग्लिशमधून शिकवायचे वर्ग असतील तर मुलीला फीमधे सवलत मागायची आणि ती कॉन्ट्रॅक्टमधे लिहून घ्यायची, तोंडी नको. पगारातून सोशल सिक्युरिटी कापतील, त्यात दवाखाना फक्त तुझा, नवरा आणि मुलीचा विमा वेगळा काढावा लागेल.

पण तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू अर्ध्या ओळीत उरकलीस, मिस्टर क्वालिटीमधे आहेत आणि म्हणतात तू म्हणशील तसं. ते तिथं दिवसभर काय करणार? तुझ्यामागून जाणाऱ्या नवऱ्याला आणि मुलीला नॉन-इमिग्रंट ओ व्हिसा मिळतो, त्यावर राहता येतं, आपोआप नोकरी करता येत नाही. मी तिथं बघितलेल्या जोड्यांत पैशावरून परतलेले थोडे, नवरा घरी बसून कंटाळला, चिडचिडा झाला म्हणून परतलेले जास्त. सकाळी बायको साडेसातला शाळेत, आठला राष्ट्रगीत, आणि हा माणूस खोलीत एसी लावून मोबाईल बघत बसलेला, भाजी आणायला गेला तर भाषा येत नाही. सहा महिन्यांत भांडणं. दोष कुणाचाच नसतो.

तुमचं नशीब असं की चोनबुरी म्हणजे तिकडचं सातपूर-अंबडच आहे. चोनबुरी आणि शेजारचं रयोंग हा थायलंडचा गाड्यांचा पट्टा, लेम चाबांग बंदर तिथंच, पार्ट्सच्या कंपन्याच कंपन्या. त्यांनी आत्तापासून तिथं अर्ज टाकावेत. कंपनीला एका परदेशी माणसामागं सहसा चार थाई माणसं कामावर दाखवावी लागतात म्हणून छोटी कंपनी नको म्हणते, मोठ्यांकडं बघा. नोकरी मिळाली तर त्यांचा स्वतःचा बी व्हिसा होईल, आणि हे फार महत्त्वाचं आहे कारण तुझा व्हिसा तुझ्या शाळेला बांधलेला, शाळा सुटली की तुझा गेला आणि त्याच्यासोबत त्या दोघांचाही गेला.

म्हणून मी काय करेन सांगू? पहिलं सत्र तू एकटी जा, मे ते ऑक्टोबर. खोली बघ, शाळा बघ, पगार वेळेवर येतो का बघ. मुलगी इथं आजीजवळ दुसरी पूर्ण करेल, म्हणजे सासूबाईंचंही खरं ठरेल. नवऱ्यानं नोकरी सोडायची नाही, ऑक्टोबरच्या सुट्टीत पंधरा दिवस दोघांनी येऊन जायचं. जड जाईल, पोरीला सोडून पाच महिने म्हणजे रात्री उशी ओली होते. तरी तिघांनी सामान विकून जाऊन तिघांनी परत येण्यापेक्षा हे बरं.

कागदांचं एकच सांगते, कारण त्यात आपल्या बायका हमखास अडकतात. डिग्रीवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं. तिकडच्या ऑफिसात ही दोन वेगळी माणसं. मॅरेज सर्टिफिकेट इंग्लिशमधे काढ, मुलीचा जन्मदाखला इंग्लिशमधे काढ, दोन्हीवर डिग्रीसारखेच परराष्ट्र खात्याचे आणि थाई वकिलातीचे शिक्के लागतील का ते आधी विचारून घे. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसातून.

वर्गाची काळजी तुला नको, आठ वर्षं केजी सांभाळलंस. फक्त दोन गोष्टी. थाई पोरं शब्दाचा शेवट गिळतात, ‘हाउस’चं ‘हाउ’ होतं, ‘फाइव्ह’चं ‘फाइ’, आणि ‘र’चा ‘ल’. त्यांना शेवटचा आवाज ऐकू येईपर्यंत गाणी म्हणून घ्यायची. आणि आपली स्वतःची खोट म्हणजे ‘व’, आपल्याला ‘व्हेट’ आणि ‘वेट’ एकच, तिथं त्यांच्या भाषेतही व्ही नाही त्यामुळं तू चुकलीस तर दुरुस्त करायला कुणी नाही, आरशासमोर दात ओठावर टेकवून सराव कर. आणि हो, पोराच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवायची आपली सवय असते ना, ती जपून. तिथं डोकं पवित्र मानतात. माझा हात पहिल्या आठवड्यात दहा वेळा गेला असेल, शेजारची थाई टीचर नुसती हसायची. बालवाडीला ते ‘अनुबान’ म्हणतात आणि टीचरला ‘ख्रू’, म्हणजे आपला गुरूच, हात जोडून नमस्कार करतात, त्यामुळं परकं फार वाटत नाही.

प्रश्न : मी मराठी माध्यमाची, एम.ए. इंग्लिश, बी.एड. कोरिया किंवा जपानला जाता येईल का? (कोल्हापूर)

उत्तर : कोरियाचा नेहमीचा इंग्लिश शिक्षकाचा व्हिसा सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो, त्यात आपण नाही. पण 2010 पासून लागू असलेल्या भारत-कोरिया करारामुळं सरकारी शाळेत असिस्टंट टीचर म्हणून भारतीयांना दार उघडं आहे, त्याला इंग्लिशची पदवी आणि शिक्षकाची पात्रता लागते, ती तुमच्याकडं आहे. जागा कमी निघतात. जपानमधे मात्र भाषा शिकवायला त्या भाषेतून बारा वर्षं शिकल्याचा पुरावा मागतात, तिथं मराठी माध्यम आडवं येतं. चीनचा विचार करू नका, तिथं इंग्लिश शिकवायला पासपोर्टच इंग्लिश बोलणाऱ्या देशाचा मागतात.

प्रश्न : थायलंडला गणपती बसवता येतो का? मोदकाचं काय? (तोच नाशिकचा पत्ता, वेगळं अक्षर, बहुतेक सासूबाई)

उत्तर : काकू, खुशाल बसवा. ते लोक त्याला फ्रा फिकानेत म्हणतात आणि दुकानादुकानात ठेवतात. चोनबुरीच्या शेजारच्याच चाचेंगसाओ प्रांतात 39 मीटर उंच उभा गणपती आहे, सूनबाईला सांगा न्यायला. नारळ ढीगभर मिळतो, गुळाऐवजी ताडगूळ चालतो. पिठीचं मात्र बघून घ्या, हत्तीचं चित्र असलेली पाकिटं असतात, हिरवं पाकीट चिकट तांदळाचं, त्याची उकड हाताला चिकटून बसते. मोदकाला लाल पाकीट घ्यायचं.