मध्ययुगीन आयर्लंडमधील समुद्रकाठचा किल्ला व्हिडिओ गेमसाठी निवडायचा असेल, तर कोणता निवडावा आणि तो कसा उभारावा?

आपण डून एंगस, डनलूस आणि कॅरिकफर्गस अशी तीन नावे दिली आहेत, आणि गेम वेढ्याचा व चोरवाटांनी आत शिरण्याचा असेल, असे म्हटले आहे. मी हौसेने गेमचे नकाशे रचतो आणि किल्ल्यांविषयी वाचतो. तेवढ्या आधारावर माझे मत निःसंशय कॅरिकफर्गसच्या बाजूने आहे.

अरन बेटांवरील डून एंगस चित्रात भव्य दिसतो, पण त्याची सुरुवात ख्रिस्तपूर्व 1100 च्या आसपासची आहे. तेथे चिलखतातील सरदार उभे केले, तर जाणकार खेळाडू हसतील. डनलूसचे दोन मोठे गोल बुरूज 1500 च्या सुमाराचे आहेत. 1584 मध्ये इंग्लंडच्या राणीचा आयर्लंडमधील प्रतिनिधी सर जॉन पेरट याने तोफा लावून तो घेतला आणि तेथील स्थानिक सरदार सॉर्ली बॉय मॅकडॉनेलने तो नंतर परत मिळवला. आतल्या फितुराने त्याच्या माणसांना टोपल्यांत बसवून कड्यावरून वर ओढले, असे सांगतात. हा प्रसंग मोहात पाडणारा आहे खरा, पण तो दारूगोळ्याच्या काळातील आहे.

कॅरिकफर्गस अस्सल मध्ययुगीन आहे. 1177 च्या आरंभी जॉन द कूर्सी हा नॉर्मन सरदार 22 घोडेस्वार सरदार आणि सुमारे 300 पायदळ घेऊन डब्लिनहून उत्तरेस निघाला, त्याने अल्स्टर या उत्तरेकडील प्रांताचा मोठा भाग बळकावला आणि बेलफास्टच्या खाडीकाठी हा किल्ला बांधण्यास घेतला. किल्ला बेटावर नसून समुद्रात घुसलेल्या खडकावर आहे, म्हणजे आपल्याकडील सिंधुदुर्गापेक्षा विजयदुर्गाच्या जवळचा; मात्र आकाराने बराच लहान, आणि म्हणूनच लहान चमूला संपूर्ण उभारता येईल असा. आतील चौकात चौकोनी मनोरा आहे, आणि त्यापुढे मधला व बाहेरचा तट टप्प्याटप्प्याने वाढत गेला.

या टप्प्यांमागील कारणच आपल्या गेमचा कणा ठरू शकते. 1210 मध्ये इंग्लंडचा राजा जॉन याने स्वतः येऊन अल्स्टरचा तेव्हाचा सरदार ह्यू द लेसी याच्याकडून किल्ला घेतला. त्यानंतर 1217 च्या सुमारास मधला तट बांधला गेला, तो ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूवरून शत्रूला चालत येता येऊ नये म्हणून. तेव्हा मी आधी भरती-ओहोटी रचेन आणि मगच तट. दोन ओहोटींमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटे जातात. गेममध्ये वेळ तीसपट वेगाने धावली, तर दर पंचवीस मिनिटांनी तटाखालची वाट उघडेल आणि बुजेल. पाण्याची पातळी बदलली की शिपायांना चालण्याजोगी जमीनही बदलायला हवी. ती प्रत्येक क्षणी नव्याने मोजत बसण्यापेक्षा भरतीचा आणि ओहोटीचा असे दोन नेव्हमेश (पात्रांना कोठे चालता येईल ते संगणकाला सांगणारे नकाशे) आधीच तयार ठेवले, तर साध्या संगणकावरही गेम अडखळणार नाही. लाटा मात्र आवरत्या घ्या. हा खाडीचा किनारा आहे, खुल्या अटलांटिकचा नव्हे.

कथानकासाठी 1315-16 चा वेढा घ्यावा. स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्रूसचा भाऊ एडवर्ड मे 1315 मध्ये आयर्लंडमध्ये उतरला. शहर त्याच्या हाती पडले, पण किल्ल्यातील इंग्रज शिबंदी साधारण वर्षभर तग धरून राहिली. 1316 च्या ईस्टरला टॉमस द मँडेव्हिल समुद्रमार्गे मदत घेऊन आला आणि शहराच्या रस्त्यांवरील लढाईत मारला गेला. पुढे शिबंदीने बोलणी करण्याच्या निमित्ताने काही स्कॉट सैनिकांना पकडून ठेवले आणि उपासमारीत त्यांतील आठ जणांना खाल्ले, असे जुने इतिवृत्त सांगते. ते अक्षरशः खरे मानावे की शत्रूविषयीची अफवा, हा निर्णय आपण खेळाडूवर सोडू शकता. सप्टेंबर 1316 मध्ये किल्ला शरण गेला. अशा वेढ्यात तलवारबाजी क्वचितच होते. खरा संघर्ष कोठारातील धान्य, विहिरीचे पाणी आणि माणसांचा धीर यांचा असतो, त्यामुळे रसदीचा हिशेब हाच मुख्य खेळ करावा. वर्षभराच्या वेढ्यात उजेडही फार बदलतो, कारण तेथे जूनमध्ये दिवस सुमारे 17 तासांचा आणि डिसेंबरमध्ये जेमतेम सात-साडेसात तासांचा असतो. चोरून शिरण्याचे डाव ऋतूप्रमाणे सोपे-अवघड होतील, आणि त्यासाठी वेगळा नियम शोधावा लागणार नाही.

आजची छायाचित्रे जशीच्या तशी वापरू नका. प्रवेशद्वाराचे दोन बुरूज आज इंग्रजी डी अक्षरासारखे दिसतात. मुळात ते पूर्ण गोल होते, सोळाव्या शतकात त्यांची मागची बाजू कापली गेली. तटातील तोफांच्या रुंद खिडक्याही त्याच काळातील आहेत, त्यामुळे 1316 च्या दृश्यात बाण सोडण्याच्या अरुंद जंग्याच हव्यात. दरवाजा समोरासमोर सरळ आहे, तेथे दरवाजा बाहेरून दिसू न देणारे गोमुखी वळण देऊ नका. मराठी किल्ले पाहिलेल्या आपल्या हाताला ती सवय असते. तीच काळजी स्वयंपाकघरात घ्यावी. ओट, सातू आणि खारवलेले मासे चालतील, पण बटाटा नको, कारण तो युरोपात यायला अजून अडीचशे वर्षे होती.