ऑफिसच्या सर्व्हरवरची ऑटोकॅड ड्रॉइंग उघडायला आणि सेव्ह व्हायला फार वेळ लागतो. नवा सर्व्हर घ्यावा का?

आत्ताच घेऊ नका. आधी सगळ्यात जास्त रखडणारं ड्रॉइंग एक्सरेफसकट (म्हणजे त्याला बाहेरून जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंगसकट) तुमच्या मशीनवर आणून उघडून बघा. ईट्रान्समिट या ऑटोकॅडच्याच कमांडमधून ड्रॉइंगला लागणाऱ्या सगळ्या फाइल एकाच फोल्डरात घ्या. नुसतं कॉपी केलंत तर एक्सरेफचे जुने पाथ सर्व्हरवरच जातील आणि काहीच कळणार नाही. तिथेही तितकाच वेळ लागला तर दोष बहुधा फाइलचा आहे, सर्व्हर बदलून फरक पडणार नाही.

माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दुखणं फाइलमध्येच निघतं. जुन्या कामाचं ड्रॉइंग 'सेव्ह अ‍ॅज' करून नवं काम सुरू करायची सवय सगळीकडे आहे, आणि त्यासोबत न वापरलेले ब्लॉक, लेयर, बाहेरून आलेल्या डीजीएन (मायक्रोस्टेशनच्या) फाइलमधल्या लाइनटाइप पिढ्यान्‌पिढ्या येत राहतात. एक कॉपी बाजूला ठेवून ऑडिट (फाइलमधल्या चुका दुरुस्त करणारी कमांड) आणि पर्ज (न वापरलेलं काढून टाकणारी कमांड) चालवा. कमांड लाइनवर पर्जच्या आधी उणे चिन्ह देऊन रेगअ‍ॅप्सही (इतर प्रोग्रॅमनी फाइलमध्ये नोंदवलेली नावं) काढा, त्यांचा ढीग अनेकांच्या लक्षातच येत नाही. पुढच्या कामांसाठी स्वच्छ टेम्प्लेट बनवा.

फाइलच्या नावांबद्दल मी जरा आग्रहाने सांगतो. चालू ड्रॉइंगच्या नावात 'फायनल', 'फायनल २' कधीही घालू नका. नाव बदललं की बाकीच्यांचे एक्सरेफ जुन्याच फाइलला चिकटून राहतात, आणि कुणीतरी बदललेल्या भिंतीऐवजी जुन्या भिंतीवर काम करत बसतो. चालू फाइलचं नाव कायम एकच ठेवा, जुनी आवृत्ती तारीख घालून वेगळ्या फोल्डरात टाका. एक्सरेफ रिलेटिव्ह पाथने (ड्रॉइंगच्या फोल्डरापासून मोजलेल्या पत्त्याने) जोडा, आणि शक्य तिथे अटॅचऐवजी ओव्हरले प्रकार वापरा, म्हणजे तुमचं ड्रॉइंग दुसऱ्याने जोडलं तर हा एक्सरेफ त्याच्याकडे जात नाही आणि एकात एक अडकलेली साखळी वाढत नाही.

लोकल डिस्कवर फाइल झटकन उघडली, तर मात्र नेटवर्क तपासा. प्रत्येक मशीनवर लिंकचा वेग बघा. १०० एमबीपीएस दिसला तर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबीच मिळणार. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, त्यामुळे उरलेल्या दोनपैकी एक जोडी तुटली तरी काम चालू राहतं, फक्त हळू, आणि कुणाला शंकाही येत नाही. केबल किंवा जुना स्विच बदलणं सर्व्हरपेक्षा कितीतरी स्वस्त. ड्रॉइंगचं काम वायफायवर नको.

ऑटोकॅडच्या ऑप्शन्समधले सपोर्ट पाथही (फॉन्ट, लाइनटाइप वगैरे फाइल जिथे शोधल्या जातात ते फोल्डर) बघा. बंद पडलेल्या सर्व्हरचा पाथ तिथे राहिला असेल तर ऑटोकॅड त्याची वाट बघत थांबतं. ऑटोसेव्हचा फोल्डर लोकल डिस्कवर असू द्या. एक्सलोडसीटीएल (XLOADCTL) हे सेटिंग २ ठेवा, म्हणजे एक्सरेफची तात्पुरती कॉपी उघडते आणि मूळ फाइलवर दुसऱ्याला काम करता येतं.

कुणी घरून व्हीपीएनवर थेट फाइल उघडत असेल, तर त्यांना रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या मशीनवरच काम करायला सांगा.