अ‍ॅटलास पतंग आणि मांटा पाकट: वर्गीकरणात कुठे, धोक्यात कोण?

साम्य एवढंच, की दोघांनाही पंखांसारखं काहीतरी आहे आणि दोघंही आपापल्या गोतावळ्यात धिप्पाड. प्राणिसृष्टी एक, तिथून पुढे लगेच फाटे फुटतात. अ‍ॅटलास पतंग संधिपाद संघातला कीटक. मांटा मात्र शार्कच्या नात्यातला, हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेला मासा. पूर्वी त्याची प्रजाती (genus, जवळच्या जातींचा गट) वेगळी मानत, 2017 पासून तो मोब्युला या प्रजातीत गेला.

पावसाळ्यात कोकणात ओटीवरच्या दिव्याजवळ अ‍ॅटलास भिंतीला चिकटलेला दिसतो: वीतभराहून मोठा, पंखांची टोकं थेट सापाच्या डोक्यासारखी. त्याला खाता येईल असं तोंडच नसतं! अळी असताना साठवलेल्यावर जेमतेम आठवडाभर जगायचं, अंडी घालायची, संपलं.

संवर्धनाचं म्हणाल, तर आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या पतंगाचं मूल्यमापनच केलेलं नाही. म्हणजे तो सुरक्षित आहे असं नव्हे. कीटकांकडे लक्ष कमीच जातं. सात मीटरपर्यंत रुंद होणारा महासागरी मांटा 2020 मध्ये 'संकटग्रस्त' ठरला. कल्ल्यांसाठी त्याची शिकार होते, आणि मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू. पतंगीण शेकडो अंडी घालते.