धूर फवारणीचं यंत्र घ्यायचं की नाही?

प्रश्न: डेंग्यूचे रुग्ण वाढले की आमच्या नगरपरिषदेत प्रत्येक प्रभागातून फॉगिंगची मागणी येते. आणखी दोन यंत्रं घ्यायचा ठराव समितीपुढे आहे. आरोग्य निरीक्षक म्हणतात, आधी संशोधन बघा. आम्ही डॉक्टर नाही. बघायचं कुठे आणि कसं?

उत्तर: आधी प्रश्न नीट मांडा. ‘फॉगिंग चांगलं की वाईट’ याला उत्तर मिळणार नाही. ‘आपल्यासारख्या गावात, नुसत्या अळीनाशाच्या तुलनेत, रस्त्यावरून धूर मारल्याने रुग्ण कमी होतात का?’ असं लिहा. ‘रुग्ण’ हा शब्द सोडू नका. मेलेले डास मोजणारा अभ्यास तुमच्या कामाचा असेलच असं नाही.

पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या ऑनलाइन सूचीवर शोधायला पैसे लागत नाहीत. तिथे ‘डेंग्यू’ आणि ‘स्पेस स्प्रेइंग’ (म्हणजे हवेत केलेली फवारणी) हे शब्द इंग्रजीत टाका आणि बाजूच्या चाळणीत ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ निवडा, म्हणजे सुटे निबंध न चाळता सगळ्यांची झडती घेतलेले आढावे समोर येतील. २०१०च्या अशाच एका आढाव्यात घराभोवतीच्या फवारणीचे १५ अभ्यास आहेत. तेरांत अळ्यांचं प्रमाण घटलं, पण ती घट टिकली नाही. माणसांतला आजार मोजला होता फक्त एकात, आणि त्याचंही श्रेय एकट्या फवारणीला देता येत नव्हतं.

कारण साधं आहे. डेंग्यूचा डास घरात, कपड्यांमागे, पलंगाखाली बसतो. गाडी आली की लोक दारं लावून घेतात. धुराने अंडी-अळ्या मरत नाहीत, त्यामुळे आठवड्याभरात नवे डास उडू लागतात.

मग चालतं काय? निकाराग्वा आणि मेक्सिकोतल्या १५० वस्त्यांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या वस्त्यांत लोकांनीच घरोघरी अळ्या शोधून पाणीसाठे हाताळले. सरकारी अळीनाशक आणि फवारणी दोन्हीकडे सुरूच होती. लोकांनी काम केलेल्या वस्त्यांतल्या मुलांमध्ये डेंग्यूचा संसर्ग सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला.

पण ते जसंच्या तसं उचलू नका. नळाला चार दिवसांआड पाणी येत असेल तर ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ कोणी पाळणार नाही. पुढचं पाणी कधी येईल याची खात्री नसताना बॅरल ओतून कोण देईल? तिथे घट्ट झाकण, टाकीच्या तोंडाला कापड, वापराच्या हौदात गप्पी मासे हे जमतं. भांडं रिकामं होईल तेव्हा आतून घासायला सांगा. अंडी पाण्याच्या रेषेशी भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने जगतात.

आता गावाचा आकडा काढा. समजा, आशा आणि आरोग्य सेवकांनी १२० घरं पाहिली, १८ घरांत अळ्या निघाल्या: घर निर्देशांक १५. पाण्याची ४०० भांडी तपासली, २६ दूषित, म्हणजे अळ्या असलेली: भांडी निर्देशांक ६.५. दूषित भांडी दर १०० घरांमागे मोजली की ब्रेटू निर्देशांक, इथे जवळपास २२. या २६ भांड्यांचे प्रकार लिहून ठेवा. १७ सिमेंटचे हौद असतील तर पैसा झाकणांवर जायला हवा, फॉगिंगच्या डिझेलवर नव्हे. पंधरा दिवसांनी तीच घरं पुन्हा तपासा. दुसरी घरं घेतलीत तर फरक कामाचा की घरांचा, हे कळणार नाही.

आमचं मत विचाराल तर नवी यंत्रं नकोत. आहे ते साथीत, रुग्णाच्या घराभोवती वापरा, तेही घरात फवारणी आणि अळीशोध यांच्या जोडीने.

प्रश्न: पण मागच्या वर्षी ऑक्टोबरात फवारणी केली आणि डिसेंबरात रुग्ण घटले. हा पुरावा नाही का?

उत्तर: नाही. पाऊस थांबून थंडी पडली की न फवारलेल्या गावांतही रुग्ण घटतात. शेजारच्या अशा गावाचा त्याच महिन्यांचा आकडा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून मागवा आणि ठरावाला जोडा.